घड्याळाशी मैत्री, पाण्याशी संयम

१९६५च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकले. ती छोट्या अंतराची झेप होती. गडचांदूरच्या उन्हाळ्यात पाण्यात रमणाऱ्या आणि उतारवयात ४०० मीटरची स्वतःची वेळ सुधारू पाहणाऱ्या आपणांस मात्र वेगळी रीत हवी.

डॉक्टरांची संमती घेऊन ५० मीटरचे आठ टप्पे करावेत. प्रत्येकानंतर अर्धा मिनिट विसावा. काठावरच्या मुलाने वा सुनेने प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत टिपावी. पहिल्याच टप्प्यात जोर केला, तर शेवटचे दोन दमछाकीत जातात. आठवा टप्पा पहिल्याइतक्याच वेळात होऊ लागला, की मगच विसावा ५ सेकंदांनी कमी करावा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात. म्हणून केवळ नाडीवर विसंबू नये. काठाशी आल्यावर एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर त्या दिवशी घड्याळ बाजूला ठेवावे. छातीत दुखले वा चक्कर आली, तर तत्काळ बाहेर यावे व दवाखाना गाठावा. एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये.

जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, १५०० मीटर फ्रीस्टाइल सुमारे सव्वा तासात पूर्ण केली, तीही पाठीवर पोहत. कारण या प्रकारात शैलीची सक्ती नसते. आपली स्पर्धा कालच्या वहीशी आहे, शेजारच्या पोहणाऱ्याशी नव्हे.