काठीचं लग्न आणि शहराची ओळख

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या गड्डा यात्रेत एका काठीचं लग्न लागतं. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी उंच नंदीध्वज कमरेच्या आधारावर पेलत निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कथा बाराव्या शतकातली. कुंभाराच्या लेकीने सिद्धरामेश्वरांशीच लग्नाचा हट्ट धरला. विरक्त योग्याने तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावून दिलं.

इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कुणी घासत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या या एकेकाळच्या गिरणगावाला एकत्र आणण्याचं काम मात्र ती चोख करते. सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, त्यात मातंग समाजही आहे.

कथेने माणसांना असं बांधून ठेवणं इराणमध्येही दिसतं. सत्ता बदलली, धर्म बदलला. पण फिरदौसीने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’तले राजा जमशेद आणि वीर रुस्तम टिकले. मूळचे इराणचे असलेले मुंबईचे पारशी आजही त्याच जमशेदच्या नावाने जमशेदी नवरोज साजरा करतात.

सोलापूरकरांचं मात्र एक चुकतं. लग्नाची गोष्ट पोराटोरांना पाठ असते, पण सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभारला, कन्नडमध्ये वचनं लिहिली, हे यात्रेच्या गर्दीत मागे पडतं. उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहराला ही आठवण जास्त गरजेची आहे. गड्ड्याच्या मैदानावर पाळणे आणि खेळण्यांच्या दुकानांना जागा मिळते, तसा तलावाच्या गोष्टीलाही एक मांडव मिळायला हवा. महापालिका आणि देवस्थानाने पुढच्या संक्रांतीपासूनच ते मनावर घ्यावं.