खाडीपुलावरचे नाणे

पनवेलहून सुटलेली लोकल वाशीच्या खाडीपुलावरून एकसमान वेगाने धावत असता प्रवाशाने सरळ वर उडविलेले नाणे त्याच्याच तळहातावर पडेल की मागे, असा प्रश्न येथील प्रथम वर्ष विज्ञानाच्या वर्गात घालून, प्रत्येकास उत्तर वहीत नोंदवावयास लावून, मग शेजाऱ्याशी हुज्जत घालण्याची रीतसर मुभा दिली, तर न्यूटनचे नियम मुखोद्गत असलेलेही कित्येक जण ‘मागे’ म्हणताना आढळतील. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून हीच पद्धती रूढ केली. ती येथे राबवावयाची तर मार्गदर्शनासाठी याच लोहमार्गावर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही आहे. अभ्यासक्रम उरकण्याची सबब (ती सर्वस्वी खोटी नव्हे) पुढे येईलच. तथापि विद्यापीठाने प्रश्नपत्रिकेतच अशा प्रश्नांस गुण राखावेत, म्हणजे अध्यापकांस त्यासाठी वेळ काढणे भागच पडेल.