दगडावरचे नाव

भंडाऱ्याहून कोकणातले माणगाव फार लांब. तिथे तहसील कचेरीपुढे एका जवानाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, राहणार पळसगाव. इटलीत पडले तेव्हा वय अवघे 22.

10 जुलै 1944 चा दिवस. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चालून गेली. मशीनगनच्या माऱ्यात घाडगेंच्या तुकडीतला एकूण एक जवान मेला किंवा जखमी झाला. उरले ते एकटे. मागे फिरते तर कोण बोल लावणार होते? ते पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती, म्हणून तीच नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर घातली. तेवढ्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांची विधवा पत्नी गेली.

त्यांची कबर कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. पण इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांत, त्यांचे नाव कोरलेले आहे. 2023 साली मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारकही उभारले.

आम्हाला मोल वाटते ते त्या कोरलेल्या नावाचे. कारण सगळ्यांना ते मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात आफ्रिकेत आणि इराककडे मेलेल्या हिंदी व आफ्रिकी शिपायांची, हमालांची नावे गाळली गेली. गोऱ्याला नावाचा दगड, काळ्याला नुसता आकडा, कित्येकांना तोही नाही. अशी माणसे लाखाच्या वर असल्याचे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 साली कबूल केले आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी!

नाव गाळले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. 1917 साली उभारलेली 111 वी महार पलटण लढाई सरताच, 1921 साली मोडली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी बाबासाहेबांना सरकारशी भांडावे लागले.

तुमच्या घरी फौजी वेषातल्या कुणा आजोबाचा, चुलत्याचा फोटो असेल आणि ते त्या दोन महायुद्धांत परमुलखात पडले असतील, तर आयोगाच्या यादीत नाव शोधता येते. शिकलेल्या पोराला बसवा. इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाने ऐकले तसे केलेले असते, तेव्हा चार तऱ्हांनी लिहून पाहावे. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पलटणीचे नाव त्यांनाच आठवत असते.