टेनिसचा परदेश दौरा एकट्या कुटुंबावर नको

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झाच्या साथीने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. दोन वर्षांनी याच जोडीने रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून ऑलिम्पिकच्या कोर्टापर्यंत पोहोचता येते, हे जिल्ह्याने तेव्हा पाहिले. मात्र आज जिल्ह्यातल्या किती मुलांना ती वाट परवडेल, याचा विचार आपण केलेला नाही. टेनिसमध्ये गुणवत्ता, मेहनत आणि चांगला प्रशिक्षक एवढ्यावर भागत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी परदेशी स्पर्धांचे दौरे सुरू होतात आणि तिथून पुढे मुलाची प्रगती घरच्या ऐपतीवर ठरू लागते. प्रत्येक पालकाने दौरा आपापला आखायचा आणि पैसेही आपापले उभे करायचे, ही आजची रीत आहे. ती बदलून कनिष्ठ गटाचे परदेश दौरे आखणे ही राज्य टेनिस संघटनेची जबाबदारी झाली पाहिजे आणि फार मोठ्या सरकारी अनुदानाशिवायही ते जमण्यासारखे आहे, असे माझे ठाम मत आहे.

परदेशी जावे का लागते, हे आधी समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, म्हणजे आयटीएफ, १३ ते १८ वयोगटासाठी जगभर स्पर्धा भरवतो. जे३०, जे६०, जे१००, जे२००, जे३०० आणि जे५०० असे त्यांचे दर्जे आहेत. एकेरीत जे३० जिंकणाऱ्याला ३० गुण मिळतात, जे३०० जिंकणाऱ्याला ३००. क्रमवारी ठरवताना एकेरीतले सर्वोत्तम सहा निकाल धरले जातात आणि त्यांत दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा मिळवला जातो. कमावलेले गुण वर्षभराने गळून पडतात. त्यामुळे एकदा मोठा खर्च केला आणि काम झाले, असे इथे होत नाही. खालच्या दर्जाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. कनिष्ठ स्पर्धांत बक्षिसाची रक्कमही नसते. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत मुख्य फेरीतल्या खेळाडूंच्या राहण्याची सोय आयोजक करतात. जे३० आणि जे६० खेळणाऱ्या नवख्या मुलांना मात्र साधारणपणे सगळा खर्च स्वतःच करावा लागतो. म्हणजे वर पोहोचलेल्याला सवलत मिळते आणि पायथ्याशी उभ्या असलेल्याला पूर्ण किंमत मोजावी लागते.

ही किंमत किती, याचा सावध हिशेब मांडून पाहू. एक मूल आणि एक पालक तीन आठवडे युरोपात तीन स्पर्धांसाठी गेले, असे धरू. युरोचा भाव सोयीसाठी शंभर रुपये समजू. दोघांची जाण्यायेण्याची विमानतिकिटे १ लाख ३० हजार, एकवीस रात्रींचे राहणे रोज ७० युरो दराने सुमारे १ लाख ४७ हजार आणि दोघांचे जेवणखाण माणशी २५ युरो दराने १ लाख ५ हजार रुपये होते. व्हिसा, विमा आणि तिथला रेल्वे-बसप्रवास यांचे ६५ हजार धरले, तर बेरीज साडेचार लाखांच्या आसपास जाते. रॅकेटचे गटिंग, बूट, आजारपण आणि पालकाची बिनपगारी रजा यात धरलेली नाही. गुण टिकवायचे तर असे दौरे वर्षातून एकदा करून पुरत नाही. यंत्रमाग, चादर-टॉवेलचे कारखाने, विडी आणि शेती यांवर चालणाऱ्या सोलापुरात एखाद्या शिक्षकाच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या घराला हा खर्च झेपणार नाही. ते घर कर्ज काढते किंवा मुलाला सोळाव्या वर्षी खेळ सोडायला सांगते. दुसऱ्या पर्यायाची नोंद कुठेही होत नाही, म्हणून हे नुकसान कोणाच्या नजरेस येत नाही.

पैशाइतकाच त्रास नियोजनाचा आहे. स्पर्धेसाठी नाव नोंदवण्याची मुदत साधारण चार आठवडे आधी संपते. त्यानंतर यादी लागते आणि मूल मुख्य फेरीत आहे, पात्रता फेरीत आहे की प्रतीक्षा यादीत, ते तेव्हा कळते. शेंगेन व्हिसाच्या अर्जावर निर्णय व्हायला एरवी पंधरा दिवस लागतात आणि प्रसंगी पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. यादी लागण्याची वाट पाहावी तर व्हिसा वेळेत मिळत नाही. आधी अर्ज करावा तर ज्या देशासाठी केला तिथल्या स्पर्धेत नाव लागेल याची खात्री नसते. बारा वर्षांवरील मुलाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावे लागते, म्हणजे सोलापूरहून पुणे-मुंबईची फेरी आली आणि शाळेचा दिवस बुडाला. मुदतीनंतर नाव मागे घेतले तर दंडाची टांगती तलवार असते. कोणत्या महिन्यात कोणत्या देशातल्या यादीत कमी गुणांवर नाव लागते, कुठे क्ले कोर्ट आहे, स्वस्तात राहायची सोय कुठे होते, ही माहिती प्रत्येक घर चुका करत शून्यापासून मिळवते. मूल मोठे झाले की ती त्या घरापाशीच राहते आणि पुढचे घर पुन्हा तोच चुकांचा खर्च सोसते.

याला उत्तर आहे सामूहिक दौरा. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. वारीत लाखो माणसे चालतात, पण मुक्कामाची आणि जेवणाची सोय ज्याची त्याने करायची नसते. दिंडी असते, प्रत्येकजण आपली भिशी भरतो, सामान ट्रकमधून पुढे जाते आणि वारकरी निश्चिंतपणे चालतो. टेनिसच्या दौऱ्यालाही हीच रचना हवी. वरच्याच दराने हिशेब केला, तर चार मुले आणि एक प्रशिक्षक असा संघ तीन आठवडे पाठवायला, खोल्या वाटून घेऊन, प्रशिक्षकाचा प्रवास आणि ६० हजारांचे मानधन चौघांत विभागूनही, प्रत्येक मुलामागे साधारण तीन लाख लागतात. म्हणजे जवळपास एक तृतीयांश खर्च वाचतो. शिवाय कोर्टाबाहेर हताश बसलेल्या पालकाऐवजी खेळ समजणारा माणूस सोबत असतो, सरावाला जोडीदार असतो, दुहेरीसाठी साथीदार शोधावा लागत नाही. पहिल्या फेरीत हरलेले मूल हॉटेलच्या खोलीत कुढत न बसता दुसऱ्या दिवशी सोबत्याचा सामना पाहायला जाते.

ही कल्पना नवी नाही. आयटीएफ स्वतः अनेक वर्षे खंडांनुसार निवडलेल्या मुलांचे संघ प्रशिक्षकासह दौऱ्यावर नेत आला आहे. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत खेळली, ती अशाच आशियाई संघातून. विम्बल्डनने ही स्पर्धा त्याच वर्षी सुरू केली होती. संघटित दौऱ्याची सोय असली, तर कोल्हापूरची मुलगी थेट ऑल इंग्लंड क्लबच्या गवतावर उतरू शकते. पण अशा संघात साऱ्या आशियातून मोजक्याच मुलांना जागा मिळते. तिथवर पोहोचण्याआधीच्या दोन-तीन पायऱ्यांवर जी शेकडो मुले आहेत, त्यांच्यासाठी अशी रचना राज्याने उभी करायला हवी. दुसरीकडे पुण्याचा मानस धामणे इटलीतल्या पिआट्टी अकादमीत घडला. अशी संधी ज्याला मिळते त्याचे कौतुकच आहे. मात्र एकेका मुलासाठी उघडणाऱ्या दारांवर राज्याचे टेनिस उभे राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की टेनिस हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, मग लोकांच्या पैशातून त्यांच्या मुलांना युरोप कशाला दाखवायचा? ज्या सोलापूर शहराला पाण्यासाठी दिवस मोजावे लागले आहेत, तिथून हा प्रश्न आला तर तो रास्तच आहे. पण माझी मुख्य मागणी पैशाची नाही, रचनेची आहे. वर दाखवलेली बचत अनुदानातून आलेली नाही, एकत्र येण्यातून आली आहे. चार घरांच्या बैठकीतूनही ती साधेल, पण दरवर्षी टिकवायची तर संस्था लागते. शिवाय हा खेळ पैसेवाल्यांचा राहतो, तो दौऱ्यांचा भार कुटुंबांवर सोडल्यामुळेच. सार्वजनिक निधी द्यायचाच असेल, तर तो निवड झालेल्या पण ऐपत नसलेल्या मुलाचा वाटा भरण्यापुरता द्यावा. राज्य सरकारच्या मिशन लक्ष्यवेधमध्ये निवडलेल्या खेळांत लॉन टेनिसही आहे. अकादम्या आणि सुविधांबरोबर त्या योजनेत संघ-दौऱ्यांनाही स्थान मिळायला हवे.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांकडून येतो आणि तो अधिक जड आहे. टेनिस हा वैयक्तिक खेळ आहे, प्रत्येकाची क्रमवारी वेगळी, एकाचे नाव मुख्य फेरीत लागते तर दुसऱ्याचे पात्रता फेरीतही लागत नाही, मग संघ बांधायचा कसा? अडचण खरी आहे, म्हणून संघ वयावर बांधू नये, क्रमवारीच्या टप्प्यावर बांधावा. जवळपास सारख्या गुणांची मुले एकत्र घेतली आणि जिथे कमी गुणांवर प्रवेश मिळतो अशा स्पर्धा निवडल्या, तर बहुतेक वेळा सगळ्यांना खेळायला मिळते. सुरुवात युरोपातून करण्याचीही गरज नाही. कोलंबो, काठमांडू किंवा थायलंडमधल्या नोंथाबुरीच्या स्पर्धा पहिल्या दौऱ्यासाठी पुरेशा आहेत. तिथला प्रवास जवळचा, राहणे स्वस्त आणि व्हिसाची कटकटही कमी आहे. जे मूल या टप्प्याच्या पुढे गेले, त्याने स्वतंत्र वाट धरावी. संघाने त्याला अडवू नये.

तिसरा आक्षेप वशिल्याचा. संघटनेच्या हाती निवड दिली की ओळखीच्यांची मुले जातील, ही भीती महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेळाच्या पालकाला समजावून सांगावी लागत नाही. टेनिसला मात्र एक मोठी सोय आहे. इथे क्रमवारी आकड्यांत असते आणि ती सगळ्यांना दिसते. अमुक तारखेची क्रमवारी, अमुक वयोगट, एवढ्या जागा, असा निकष आधी जाहीर केला, दौऱ्यानंतर खर्चाचा ताळेबंद आणि प्रशिक्षकाचा अहवाल प्रसिद्ध केला, तर ढवळाढवळीला फारशी जागा उरत नाही. मुलींच्या संघाबरोबर महिला प्रशिक्षक किंवा महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, ही अटही त्याच जाहीर निकषांत लिहावी. आज अनेक घरांत मुलगी दौऱ्यावर जात नाही, ती खर्चाइतकीच सोबतीच्या काळजीने.

चौथा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मुलांना बाहेर पाठवण्यापेक्षा स्पर्धाच इथे आणाव्यात, असे तो सांगतो. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने या बाबतीत मोठे काम केले आहे. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीत एटीपीची महाराष्ट्र ओपन झाली, मुंबईत डब्ल्यूटीएची १२५ दर्जाची स्पर्धा आली, २०२५ मध्ये बिली जीन किंग कपची आशिया-ओशनिया गटाची लढत पुण्यात झाली. सोलापूरनेही महिलांची आयटीएफ स्पर्धा भरवून दाखवली. परदेशी खेळाडूंची निवास-प्रवासाची सोय, पंच, कोर्ट आणि प्रायोजक हे सारे या शहराला जमते. मग सोलापुरात जे३० किंवा जे६० दर्जाची कनिष्ठ स्पर्धा नियमित व्हायला हवी. धाराशिव, लातूर, सांगली, विजयपूर, कलबुर्गीच्या मुलांनाही ती जवळ पडेल. पहिले गुण घराजवळ मिळाले, तर परदेशातला पहिला दौरा अंधारात उडी ठरणार नाही. पण फक्त घरीच खेळून भागणार नाही. युरोपातली क्ले कोर्ट, वेगळी हवा, वेगळ्या शैलीचे प्रतिस्पर्धी यांची सवय त्याच वयात व्हावी लागते. घरची स्पर्धा आणि बाहेरचा दौरा दोन्ही लागतात, आणि त्यांचा क्रमही हाच हवा.

हा सारा खर्च व्यावसायिक टेनिसपटू होण्यासाठीच आहे, असेही समजू नये. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. कनिष्ठ गटातल्या निकालांवर परदेशी विद्यापीठांत शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे या दौऱ्यांतून शिक्षणाचीही वाट निघते. ती फक्त ज्यांना परवडते त्यांच्यासाठीच का असावी?

करायचे काम मोठे नाही. राज्य संघटनेने सोलापूर, कोल्हापूर आणि मराठवाड्यासाठी एक दौरा-समन्वयक नेमावा. येत्या हंगामात एक आशियाई आणि एक युरोपीय दौरा ठरवून निवडीचे निकष सहा महिने आधी जाहीर करावेत. शेंगेन व्हिसाचा अर्जही सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून ही मुदत. स्थानिक उद्योगांनी एका स्पर्धेला नाव देण्याबरोबर दोन मुलांचा वाटा उचलावा. आणि पालकांनी, आज एकमेकांचे स्पर्धक म्हणून ज्या घरांशी बोलणे टाळले जाते, त्यांच्याशी बसून पुढच्या दौऱ्याचा हिशेब एकत्र मांडावा. संघटना जागी होईपर्यंत एवढी सुरुवात तर आपल्या हातात आहे.