एका आज्ञेचे राज्य

एकच आज्ञा जाणणारा संगणक आणि त्याच्यासाठी मुळापासून उभारलेली ऑपरेटिंग सिस्टीम, असा विषय निघाला की आपल्या साहित्यविभागांतून दोन ठरावीक उद्गार ऐकू येतात. पहिला, ‘याचा उपयोग काय?’ दुसरा, ‘वा, किती साधे!’ पहिल्याला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. लीळाचरित्राच्या पाठभेदांवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांनी तरी उपयोगाचा प्रश्न जपून विचारावा. आमचे भांडण दुसऱ्या उद्गाराशी आहे, कारण तो कौतुकाचा असूनही अज्ञानातून आलेला आहे.

आधी यंत्र काय आहे ते पाहू. या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध आज्ञा ‘सब्लेक’ या नावाने ओळखली जाते. ती स्मृतीतल्या तीन पत्त्यांवर चालते. पहिल्या पत्त्यावरची संख्या दुसऱ्या पत्त्यावरच्या संख्येतून वजा करायची, उत्तर दुसऱ्याच पत्त्यावर ठेवायचे, आणि ते शून्य किंवा ऋण आले तर तिसऱ्या पत्त्यावर उडी घ्यायची. नाहीतर लगतच्या आज्ञेकडे वळायचे. एवढेच. बेरीज नाही, गुणाकार नाही, ‘हे तिकडे ठेव’ असेही म्हणता येत नाही. कल्पना जुनी आहे. डच संगणकतज्ज्ञ व्हॅन डर पूल यांनी १९५६ साली आपल्या प्रबंधात साध्या यंत्रांची तत्त्वे मांडताना या दिशेने विचार केला होता. पुढे १९८८ मध्ये मवद्दत आणि परहामी यांनी विद्यार्थ्यांना संगणकाची रचना शिकवण्याचे साधन म्हणून असेच यंत्र पुढे ठेवले. (अध्यापनाची गरज म्हणून काही तरी जन्माला येते आणि उद्योगाच्या दृष्टीने ते खेळणे ठरते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.)

आता हे ‘साधे’ आहे का? दोन संख्यांची बेरीज करायची तर आधी एका रिकाम्या घरातून पहिली संख्या वजा करावी लागते, म्हणजे ती ऋण होऊन तिथे बसते. मग ती ऋण संख्या दुसरीतून वजा केली की बेरीज हाती येते. शेवटी ते घर स्वतःतूनच वजा करून पुन्हा रिकामे करायचे. तीन आज्ञा झाल्या. एक संख्या एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायला चार. दोन संख्यांचे बिट जुळवून पाहायचे तर त्या अक्षरशः सुट्या करून पुन्हा बांधाव्या लागतात. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचले, त्यात ओष्ठ्य वर्ण नाहीत. वर्णमाला आखूड झाली म्हणून त्या रचनेला साधी म्हणणारा वाचक आम्हाला अजून भेटलेला नाही. आज्ञांचा कोश आटला की कष्ट नाहीसे होत नाहीत. ते यंत्रातून उठून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या माथ्यावर आणि वेळेच्या खात्यावर जाऊन बसतात. चिपवर जागा मात्र वाचते, हे खरे. मझोन्का आणि कोलोदिन यांनी २०११ मध्ये एकाच प्रोग्रॅमेबल चिपवर असे २८ प्रोसेसर बसवून दाखवले.

पण सर्वांत रोचक गोष्ट वेगळीच आहे, आणि साहित्याच्या माणसाने तिथे थांबायला हवे. ‘अमुक घरात जो पत्ता लिहिला आहे, त्या पत्त्यावरची वस्तू आण’ असे म्हणायची सोय या आज्ञेत नाही. मग यादी, तक्ता, फाइल हे सारे कसे चालायचे? उत्तर असे की चालता चालता प्रोग्रॅमने स्वतःचीच पुढची ओळ बदलायची. तिच्यातला पत्ता खोडून तिथे हवा तो पत्ता लिहायचा आणि मग ती ओळ अमलात आणायची. संहिता वाचली जात असतानाच स्वतःला पुन्हा लिहिते. वाचनक्रियेत संहिता घडते असे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, पण आपल्या हातातल्या पुस्तकाचे पान त्यामुळे कधी बदलले नाही. इथे ते बदलते, आणि न बदलल्यास यंत्र अडते. हिला साधेपणा म्हणणे म्हणजे तिचा अर्थ न पाहताच तिला शाबासकी देणे.

ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत प्रकरण येते तेव्हा अडचण आणखी उघडी पडते. तिचे मुख्य काम राज्यकारभाराचे: कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ, कोणाला कोणती जागा, कोणी कोणाच्या घरात शिरू नये. त्यासाठी नेहमीच्या प्रोसेसरमध्ये खास अधिकाराच्या आज्ञा असतात आणि चालू काम मध्येच थांबवण्याची यंत्रणा असते. जिथे सर्वांना एकच आज्ञा, तिथे राजा आणि प्रजा यांची भाषा एकच. कोणताही प्रोग्रॅम कुठेही वजाबाकी करून राज्य उलथवू शकतो. म्हणून इथे दोनच वाटा उरतात: सर्वांनी सामंजस्याने वागायचे, किंवा यंत्राला गुपचूप काही जास्तीचे द्यायचे. पडदा, कळफलक, घड्याळ यांच्यासाठी काही पत्ते राखून ठेवले जातात आणि त्या पत्त्यांवरच्या वजाबाकीला निराळा अर्थ येतो. आज्ञा एकच राहते, पण तिचा व्यवहार अनेकार्थी होतो. ‘फक्त एकच आज्ञा’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी ही पळवाट ठळक अक्षरांत सांगितली पाहिजे. ती बहुधा तळटीपेत असते.

एवढे दोष काढूनही आम्ही या उद्योगाच्या बाजूने उभे आहोत. गेल्या दशकात ‘डॉन’ नावाची अशी एक सिस्टीम सब्लेकसाठी लिहिली गेली. नावाचा अर्थ पहाट; आपल्याकडे मात्र ते ऐकून कोणाला अकरा मुलखांचे पोलीस आठवले तर दोष त्यांचा नाही. खिडक्या उघडणारी, स्वतःचा कंपायलर बाळगणारी सिस्टीम निव्वळ वजाबाकीवर उभी राहते, हे तिने दाखवले. हा हट्ट का करावा? कारण ज्या यंत्रांवर आपण आज लिहितो-वाचतो, त्यांचा तळ कोणालाच पूर्ण वाचता येत नाही. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले. वेग वाढवण्यासाठी पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच चालवून ठेवणारे प्रोसेसर त्या अंदाजांच्या खुणांतून गुपिते फोडत होते, आणि ती यंत्रे तोवर वर्षानुवर्षे घराघरांत होती. त्याआधी २०१७ मध्ये इंटेलच्या चिपमध्ये मिनिक्स ही सिस्टीम पडद्याआड चालते हे जगजाहीर झाले. अध्यापनासाठी मिनिक्स लिहिणारे अँड्र्यू टॅनेनबॉम यांना आपली कृती इतक्या यंत्रांत वावरते आहे ही बातमी वर्तमानपत्री मार्गाने कळली. लेखकाच्या मृत्यूवर परीक्षेत प्रश्न घालणाऱ्यांनी या प्रसंगाची नोंद घ्यायला हरकत नाही. एका आज्ञेचे यंत्र असे लपवालपवी करू शकत नाही. त्याचा आराखडा एका माणसाला एका बैठकीत समजतो, आणि शंका आली तर तपासता येतो. ते मंद आहे, कष्टाचे आहे, पण वाचनीय आहे, आणि ‘वाचनीय’ हा शब्द आम्ही इथे अगदी नेमक्या अर्थाने वापरतो.

‘पर्यायी’ या शब्दाचा दुरुपयोग आपण पुष्कळ पाहिला आहे. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘फक्त’ यांसारखी लघुनियतकालिके निघत होती तेव्हाही ‘हे वाचणार किती जण?’ असे विचारणारे होतेच. त्या अंकांचे मोल खपावर ठरले नाही. छपाईपासून निवडीपर्यंत सर्व सूत्रे लिहिणाऱ्यांच्या हाती होती यावर ठरले. सब्लेकवरच्या सिस्टीमला विंडोज किंवा लिनक्स यांची जागा घ्यायची आहे, असे गृहीत धरून तिची टिंगल करणे हे त्याच जातीचे आहे.

आमची खरी तक्रार आपल्याच माणसांविषयी आहे. वजाबाकीने काहीही गणता येते, हा गणिती सिद्धान्त आहे. पण ‘करता येते’ आणि ‘केलेले आहे’ यांच्यात एक आख्खी भाषा बुडू शकते. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी ‘थ’च्या मागाहून साठवली जाते आणि पडद्यावर मात्र ती ‘स’च्याही आधी उमटावी लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला रफार कुठला आणि आडवी रेघ कुठली, हे यंत्राला कोणीतरी एकेक नियम करून सांगावे लागते. नेहमीच्या संगणकात हे काम दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेले असते, म्हणून आपल्याला ते दिसतही नाही. आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आपलेच जुने लेख उघडताना कचरा दिसला की आपण यंत्राला शिव्या देतो. एका आज्ञेच्या यंत्रावर ते आयते मिळणार नाही. तिथे देवनागरी आणायची तर जोडाक्षरांचा प्रत्येक नियम आधी कागदावर, मराठीत, नि:संदिग्धपणे मांडलेला हवा. हे काम अभियंत्याचे नव्हे. व्याकरणाची पत्रिका शिकवणाऱ्या आपल्या किती विभागांत असा मसुदा तयार आहे, हे विभागप्रमुखांनी सांगावे. तोवर आचारी आणि आचार्य एकाच पंक्तीला बसतील.