घरची हत्यारे : पाणी गेले कोठे?

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. नवे एवढेच की, आता ते बिऱ्हाड मोटारीवर चढले आहे. निजण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेल्या अशा फिरत्या घरांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र पर्यटन-धोरणही आखले. विठ्ठलवाडीच्या आमच्या एकत्र कुटुंबानेही अशी एक जुनी गाडी बाळगली आहे, आणि गेल्या चैत्रात तिने आम्हांस जो धडा दिला तो वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

ओझर व लेण्याद्री येथील गणपतींच्या दर्शनास आम्ही नऊ माणसे निघालो होतो. मुरबाड, टोकावडे मागे पडले, माळशेजचा चढ लागला, आणि निम्म्या घाटात तापमापकाचा काटा लाल रेषेस भिडला. पाठोपाठ बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. गाडी कडेस थांबते न थांबते तोच आमचा पुतण्या हातात फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवावयास धावला. वहिनी मागून ओरडल्या, "अरे, वाफ जिरल्याशिवाय कुकरचे झाकण कोणी काढते काय?"

त्या एका वाक्याने मुलाचा चेहरा वाचला. रेडिएटरचे झाकण कुकरच्याच तत्त्वावर चालते. त्यातील कमानीमुळे आत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दुप्पट दाब राहतो, आणि पाणी शंभर अंशांवर न उकळता एकशेवीसच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो; तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर उसळते. म्हणून इंजिन बंद करून पाऊण-एक तास स्वस्थ बसावे, हाच पहिला उपाय. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. ओतीव धातूस तडा जातो.

गाडी निवाल्यावर दोष दिसला. वरची रबरी नळी पट्टीपाशी चिरली होती. लांबीस सैल असल्याने चिरलेला भाग सुरीने सरळ कापून काढला, उरलेली नळी पुन्हा बसवून पट्टी आवळली आणि पिण्याचे पाणी भरले. एका मालमोटारीच्या चालकाने चिमूटभर हळद टाकण्याचा सल्ला दिला. हा आपल्या रस्त्यांवरील जुना तोडगा खरा. हळदीचे कण बारीक छिद्रात अडकून गळती थांबवितात. परंतु तेच कण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकतात. आमची नळी दुरुस्त झाली होती. हळद डब्यातच राहिली.

देवदर्शन झाले, पण नळी चिरली का, हा प्रश्न उरलाच. घरी येऊन थर्मोस्टॅट काढला. हा एक लहानसा पडदा असतो. त्यातील मेण उष्णतेने फुगते, पडदा उघडतो आणि इंजिनातले पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. टाकून द्यावयाच्या पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळास न टेकेल असा सोडावा आणि पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशांस, म्हणजे बहुधा ऐंशी ते नव्वदच्या दरम्यान, तो उघडू लागला पाहिजे. आमचा पाणी खळखळले तरी हलला नाही. त्यावर पांढरी पुटे चढली होती.

ही पुटे आमच्याच काटकसरीची. दोन उन्हाळे आम्ही पाणी कमी दिसले की बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतून मोकळे होत होतो. किती कमी झाले हे पाहिले. गेले कोठे, हे कधी विचारले नाही.

नवा थर्मोस्टॅट मेणाची बाजू इंजिनाकडे ठेवून बसवावा, गास्केट नवे घालावे, नळ्या व पट्ट्याही बदलाव्या. नंतर उत्पादकाने सांगितलेले कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात, बहुधा निम्मेनिम, मिसळून भरावे. थंड इंजिन झाकण काढून चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भर घालीत राहावे. अडकलेली हवा पुन्हा गाडी तापविते. काढलेले कूलंट गोडसर पण विषारी असते. ते मुलांच्या व जनावरांच्या वाऱ्यासही ठेवू नये, गटारावाटे वालधुनीत तर मुळीच सोडू नये. झाकणबंद डब्यात भरून कारखानदाराच्या स्वाधीन करावे.

गृहस्थाने येथेच थांबावे. बाहेर गळती नसता पाणी घटत असेल, इंजिनाचे तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल, अथवा पाण्याचा पंप पाझरत असेल, तर कारागीर गाठावा. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तडकली, तर पितळी रेडिएटरसारखा डाग देण्याच्या फंदात न पडता तो बदलावा.

आता गाडी निघण्यापूर्वी पुतण्या थंड इंजिनातील पाणी पाहतो आणि खुणेखाली दिसले की भर घालण्याआधी खाली वाकून नळ्या चाचपतो. झाकणास हात लावण्यापूर्वी तो आईकडे एकदा बघतो, याचेच आम्हांस अधिक समाधान आहे.