शयनासन आणि चार नळ्या

श्रावकाचारात बाह्य परिग्रहाचे दहा भेद सांगितले आहेत. शेत, घर, धन, धान्य यांच्या पंक्तीत तेथे ‘शयनासन’ही गणले जाते. निजण्या-बसण्याच्या साधनांनाही मर्यादा असावी, हा त्यामागील भाव. घरातील आसने मोजणाऱ्या या परंपरेच्या वाचकाला, इटलीतील मिलान शहरात १९६९ साली आकाराला आलेल्या एका खुर्चीची कथा अगदीच परकी वाटू नये.

खुर्चीचे नाव ‘ट्यूब’. फ्लेक्सफॉर्म या कंपनीने तिचे उत्पादन केले. रचनाकार चेझारे कोलोंबो. जग त्यांना ‘जो’ या लघुनामाने ओळखते. या खुर्चीला पाय नाहीत, वेगळी पाठ नाही, हातही नाहीत. आहेत त्या केवळ चार पोकळ नळ्या, प्रत्येकीचा व्यास निराळा. गाभा प्लास्टिकचा, त्यावर पॉलियुरेथेन फोमचा थर आणि वरून व्हिनाइलचे किंवा कापडाचे आच्छादन. धान्याचे डबे रिकामे झाले की गृहिणी लहान डबा मोठ्यात ठेवून देते. त्याच रीतीने या नळ्या एकात एक बसत आणि नाडीच्या पिशवीतून घरी येत. घरी आल्यावर त्या बाहेर काढायच्या आणि धातू व रबर यांच्या चिमट्यांनी हव्या त्या क्रमाने जोडायच्या. क्रम बदलला की तीच वस्तू कधी सावरून बसण्याची खुर्ची होते, कधी पाय पसरून पहुडण्याचे लांब आसन.

सामान्य खुर्ची बसणाऱ्याने कसे बसावे हे आधीच ठरवून ठेवते. कोलोंबो यांनी तो निर्णय बसणाऱ्याच्या हाती दिला. एकेक सुटी, देखणी वस्तू घडवण्यापेक्षा जोडता-मोडता येणारी व्यवस्था घडवावी, याकडे त्यांच्या बुद्धीचा ओढा होता. ब्रेरा येथील कला अकादमीत चित्रकला आणि मिलानच्या पोलितेक्निकोत वास्तुविद्या असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे घरच्या विद्युत्-साहित्याच्या कारखान्याची जबाबदारी अंगावर आली आणि तेथे प्लास्टिकवर प्रयोग करण्याची संधी त्यांना मिळाली. तो काळही प्लास्टिकच्या कौतुकाचा होता. पोलितेक्निकोतीलच रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांना बहुवारिकांवरील संशोधनासाठी १९६३ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला होता. युद्धानंतर भरभराटीस आलेल्या उत्तर इटलीत कारखाने वाढत होते, शहरातील घरे भरत होती, आणि जडशीळ लाकडी सामानाला हलका पर्याय शोधला जात होता.

येथे कोलोंबो यांना अपरिग्रहाचे उपासक ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. धूम्रपान करणाऱ्याला सिगारेट आणि पेला एकाच हातात धरता यावा म्हणून खास पेला तयार करणारे हे गृहस्थ! त्यांना हवे होते सुख. मात्र ते कमी जागेत, कमी वस्तूंत सामावलेले हवे होते. या विचाराचे टोक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७२ साली इटालियन गृहरचनेच्या प्रदर्शनात दिसले. स्वयंपाकघर, कपाटे, शय्या आणि स्नानगृह अशा चार घटकांचे त्यांचे संपूर्ण घर अवघ्या २८ चौरस मीटरमध्ये बसवले होते. ते पाहायला स्वतः कोलोंबो मात्र नव्हते. ३० जुलै १९७१ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले होते.

पुढच्याच वर्षी खनिज तेलाचे भाव भडकले आणि तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकची स्वस्ताई सरली. या खुर्चीच्या परिचित नमुन्यांवर कातडे नाही, म्हणून जैन मनाला ती निर्दोष वाटेल. पण भूगर्भातील तेल उपसून केलेली वस्तूही जीवसृष्टीच्या हिशेबात निर्भार नसते, ही जाण त्या पिढीला पुरती आलेली नव्हती.

खरा विपर्यास त्यानंतरचा आहे. वस्तूंचा पसारा आवरू पाहणाऱ्या विचारातून आलेली ही खुर्ची आज स्वतःच संग्राह्य वस्तू झाली आहे. जुन्या मूळ नमुन्यांना लिलावात मागणी असते. न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयानेही एक नमुना जतन केला आहे. आचार्य उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची गणती केली नाही. आसक्तीला, म्हणजे मूर्च्छेलाच त्यांनी परिग्रह म्हटले. एका पिशवीत मावणाऱ्या चार नळ्यांवरही ती जडू शकते. अलीकडे कापेल्लिनी या इटालियन कंपनीने या खुर्चीचे उत्पादन पुन्हा सुरू केले आहे, तरी संग्राहकांची नजर जुन्याच नमुन्यांवर खिळलेली असते.

आणि जुना नमुना टिकवणे सोपे नाही. पॉलियुरेथेन फोम हवा आणि प्रकाश यांच्या संपर्काने हळूहळू विघटित होतो. आधी त्याची लवचिकता जाते, मग तो ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडू लागतो. आच्छादन वरून धडधाकट दिसत असतानाही आतला थर झिजत असतो. तो बदलावा तर वस्तूचे मूळपण उणावते, न बदलावा तर तिच्यावर बसता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे प्लास्टिकचे सामान सांभाळणाऱ्या जतनतज्ज्ञांपुढे हा पेच वारंवार उभा राहतो.